वरच्या पट्टीतलं तण

औशाच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून थोडं आत, आमचं रान आहे. उतारावरच्या तीन पट्ट्या, एकीखाली एक. मागच्या वर्षी तिन्ही पट्ट्यांत हरभरा होता, पण ते सांगावं लागायचं. बांधावरून बघणाऱ्याला आधी गाजरगवताची पांढरी फुलं दिसायची, मग दुधी नावाचं तण, मग केना, आणि फार वेळ उभं राहिलं तर कुठे कुठे हरभरा. आमच्या बाजूला लोक दुसऱ्याचं रान वाचतात. एसटीच्या खिडकीतूनसुद्धा वाचतात. रान तणात गेलं म्हणजे त्या घरात करणारं माणूस राहिलं नाही, असा त्याचा अर्थ असतो आणि तो कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

आमच्या बाबतीत तो खोटाही नव्हता. आप्पा लातूरच्या शाळेत गणित शिकवायचे, आम्ही राहतोही तिथेच. निवृत्त झाल्यावर रान स्वतः बघायचं असं त्यांनी ठरवलं होतं, आणि नेमकं तेव्हाच त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. उन्हात जायचं नाही, जड उचलायचं नाही, चिडायचं नाही. शेतीतलं उरलं काय? मम्मीचं म्हणणं होतं की गुढीपाडव्याला रान काकांना निम्म्या वाट्यावर, बटईनं देऊन टाकावं. काका, म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ, गावातच राहतात. वरच्या पट्टीला लागून त्यांचं रान आहे. सख्ख्या भावाला बटईनं दिलेलं रान परत मागायला तोंड लागतं, आणि तसं तोंड आमच्या घरात कोणालाच नाही. मला तर मुळीच नाही.

मी इंग्रजी शाळेत शिकले. शेतकीची पदवीही इंग्रजी पुस्तकांतूनच घेतली. वर्गातही मी हात वर करत नसे. उत्तर येत असलं तरी ते मनात म्हणून बघायचं, बरोबर निघालं की गप्प बसायचं. पण बटईचं बोलणं चाललं होतं त्या दिवशी मी जेवता जेवता म्हणाले, "एक रब्बी मला द्या."

मम्मी हसली नाही, हे मला हसण्यापेक्षा वाईट वाटलं.

आप्पा म्हणाले, "एक रब्बी. येळवशीला सगळे रानात येतील. त्या दिवशी रान स्वच्छ दिसलं तर आपल्याकडं राहील. नाहीतर पाडव्यापासून तुझे काका."

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी लातूरकडची गावं ओस पडतात आणि रानं भरतात. आपले, परके, शाळेतले जुने मास्तर, आप्पांचे विद्यार्थी, सगळे जेवायला रानात. लपवायला जागा नसते. आप्पांनी परीक्षेचा दिवस बरोबर निवडला होता.

हरभऱ्याच्या तणाची गोष्ट अशी की ते मारायचं असेल तर आधीच मारावं लागतं. गवत मरेल आणि हरभरा राहील अशी औषधं थोडीफार आहेत, पण दुधी, केना, गाजरगवत अशी रुंद पानाची तणं एकदा हरभऱ्याबरोबर वर आली की भरवशाचं काही नाही. मग फक्त खुरपं. म्हणून मी ठरवलं होतं की सोयाबीन निघालं की लगेच पेरायचं नाही. परतीच्या पावसानं रान भिजलं की वरच्या थरातलं तणाचं बी उगवू द्यायचं. हिरवं झालं की अगदी वरवर वखर फिरवून ते मारायचं. खालची माती उकरायची नाही, नाहीतर खालचं बी वर येतं. मग पेरायचं, आणि पेरल्यापासून दोन दिवसांत, माती ओली असताना, उगवणीआधीचं तणनाशक जमिनीवर सारखं मारायचं. कागदावर हे सोपं दिसतं. कागदाला ओल नसते.

पाऊस थांबला आणि वाफसा येताच सगळ्या शिवारात पेरण्या सुरू झाल्या. आमचं रान तेवढं तसंच. आठवड्याभरात त्यावर बारीक हिरवी साय धरली. मला ती बघून आनंद झाला. तो आनंद कोणाला सांगण्यासारखा नव्हता.

काका बांधावर आले. खाली वाकून दोन बोटांनी एक रोप उपटलं, माझ्यासमोर धरलं.

"पोरी, गवताची लागवड केलीस की काय?"

"मारणार आहे काका. उगवलं की."

"उगवू द्यायचं आन् मग मारायचं. मग उगवू द्यायचंच कशाला?"

"बी संपतं त्यानं. वरचं."

"आन् ओल?" त्यांनी पायानं ढेकूळ फोडलं. "ओल काय तुझी वाट बघत बसणार हाय व्हय? चार दिवसांत उडून जाती ती. मग पेर तुझ्या पुस्तकात."

ते वाईट मनानं बोलत नव्हते. ते बरोबरही बोलत होते. त्यानंतर रोज सकाळी मी लातूरहून स्कूटीवर यायची, बोटभर खाली माती उकरायची आणि मुठीत दाबून बघायची. गोळा होतो की फुटतो. पहिले काही दिवस झाला. मग गोळा व्हायचा, पण बोट लावलं की भेगाळायचा. मी हात झटकून परत निघायची आणि वाटेत मोठ्यानं स्वतःला समजावायची, कारण हेल्मेटमध्ये कोणाला ऐकू जात नाही.

वखर फिरला तेव्हा मात्र रान खरंच काळंभोर झालं. दोन उन्हांत ती हिरवी साय वाळून गेली. मी पेरणीच्या ट्रॅक्टरवाल्याला फोन केला.

"परवा न्हाई जमणार ताई. परवा खंडेनवमी. ट्रॅक्टर धुणार, पुजणार. तेरवा दसरा, मिरवणार. उद्या म्हणता का सांगा. न्हाईतर मग चार दिवसांनी."

चार दिवस ओल टिकणार नव्हती. मी उद्या म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिन्ही पट्ट्या पेरून झाल्या. दाणा ओलीत पडला होता, मी स्वतः उकरून बघितलं. औषध घरी आणून ठेवलेलं होतं. सकाळी पंप घेऊन यायचं, दिवसभरात फवारून टाकायचं. परतताना लातूरच्या वेशीवर झेंडूचे ढीग लागले होते. मम्मीसाठी मीच दोन किलो घेतले.

फवारणीचा पंप आमच्या घरी असतो. रानातल्या कोठ्यातून मोटारीची केबल चोरीला गेल्यापासून आम्ही तिथे काहीच ठेवत नाही. सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले तर देवघरापुढे पाट मांडलेले. एका पाटावर विळे, खुरपी, कुऱ्हाड, पकड, स्क्रूड्रायव्हर. दुसऱ्यावर आप्पांचा फळ्यावरचा लाकडी कंपास, त्यांचं जुनं शाईचं पेन आणि माझा लॅपटॉप. आणि मध्ये, सगळ्यांत उंच, पाठीवरचा पंप. घासून घासून धुतलेला, टाकीवर हळदीकुंकवाची बोटं, नळीला झेंडूचा हार, मी आणलेल्याच फुलांचा.

ट्रॅक्टर पुजतात हे मला माहीत होतं. पंपाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"नमस्कार कर आधी," मम्मी म्हणाली.

मी केला. "मम्मी, पंप लागणार आहे."

"उद्या घे."

"आज लागणार आहे. काल पेरलंय."

"पुजलाय तो. उद्या सोनं वाटल्याशिवाय हलवायचा नाही."

"औषध दोन दिवसांतच मारावं लागतं. माती वाळते वरून. एकदा वाळली की..."

"एक दिवस थांबलं तर पीक मरतं का?"

"पीक नाही. तण मरत नाही."

मम्मी समईची वात सारत होती. ती वळलीच नाही. "तुझ्या आप्पांनी त्या वर्षी खंडेनवमीला करवत उचलली. दाराची फळी घासते म्हणून. मी नको नको म्हणत होते. पंधरा दिवसांत काय झालं, तू होतीस ना दवाखान्यात?"

मी होते. काचेबाहेरच्या बाकावर आम्ही दोघीच होतो. ऑपरेशनची त्या करवतीशी सांगड तिनं त्या बाकावरच घातली असणार.

मी आप्पांकडे बघितलं. त्यांनी पेपरचं पान उलटलं, पण ते पान त्यांनी आधीच वाचलेलं होतं. एक शब्द ते बोलू शकले असते. मग मम्मीनं कदाचित हार काढलाही असता, आणि पुढे घरात कोणाला साधं सर्दीपडसं झालं तरी तिनं त्या हाराकडे बोट दाखवलं असतं. आप्पांना हे माझ्याइतकंच कळत होतं.

मी बाल्कनीत जाऊन कृषी केंद्राच्या दुकानदाराला फोन लावला. नवीन पंप मिळेल का, आत्ता.

"उद्या घ्या की ताई, मुहूर्तावर. उद्याची बुकिंगं चाललीत."

"आत्ता एक तरी असेल."

"हाय एक. काउंटरवरच हाय. पण त्याला हार घातलाय."

मी हसले असते, दुसऱ्या कोणाचं असतं तर.

रानाच्या खालच्या अंगाला एका चाचांचं शेत आहे. आप्पांना ते मास्तरसाब म्हणतात, मला बेटा. त्यांच्याकडे पंप आहे आणि त्यांच्या घरी तो पुजला जाणार नाही, एवढा हिशेब करून मी स्कूटी काढली. अशा वेळी माणसाला काय काय सुचतं. चाचा विहिरीजवळ बसून पाइपाचा जोड बसवत होते. मी पंप मागितला. मला मागायला जमत नाही, म्हणून मी एका दमात सगळंच सांगून टाकलं: पेरणी, ओल, मम्मी, करवत.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. "पंप हाय. पर तुला देणार न्हाई."

माझा चेहरा पडला असणार.

"नाराज नको होऊ. ह्याच्यात चार दिस झाले गाजरगवताचं औषध मारून राहिलो मी, पूरा बांध. ते रबरात मुरतं, नळीत मुरतं. कितीबी धू. तुझ्या हरभऱ्यावर त्याचा वास जरी गेला ना, पानं अशी मुरगळतील." त्यांनी स्वतःची बोटं वाकडी करून दाखवली. "मग मास्तरसाबला मी काय तोंड दाखवू?"

ते खरं होतं. त्या औषधानं वाकडा झालेला हरभरा मीही पाहिला होता. मी मान हलवली.

"तुझी अम्मी," ते म्हणाले, "न्हाईच ऐकणार?"

"नाही."

"मग चाय घे."

चहा घेऊन मी आमच्या रानात गेले. करण्यासारखं काही नव्हतं. सरीत बसून राहिले. सकाळी काळी असलेली माती दुपारपर्यंत वरून राखाडी झाली. माझ्या डोळ्यांसमोर झाली, हे सांगूनही कोणाला पटणार नाही. चाचांच्या रानावरून वारं येत होतं, कोरडं, हलकं, कोणालाही आवडेल असं.

दसऱ्याच्या दिवशी आपट्याची पानं देणारे-घेणारे दुपारपर्यंत येत राहिले. प्रत्येकाला मी हसून पान दिलं. शेवटी मम्मीनं स्वतः पंपावरचा हार काढला आणि पंप माझ्या हातात दिला. "सावकाश जा," म्हणाली. तिच्या आवाजात काळजी होती, आणि त्यामुळे मला तिच्यावर रागावताही येईना.

रानात पोहोचले तेव्हा ऊन कलत होतं. पाणी खालच्या बोअरवर, म्हणून सुरुवात खालून. हे औषध मारताना उलटं चालावं लागतं. पुढे चाललं की मारलेल्या जागेवर आपलाच पाय पडतो आणि मातीवरचा औषधाचा पातळ थर फाटतो, फाटेल तिथून तण येतं. मी उलटी चालत राहिले, एक टाकी, दुसरी टाकी. घामानं टाकीवरचं कुंकू ओघळून माझ्या सदऱ्याला पाठीमागे लागलं. लांबून रस्त्यानं जाणाऱ्या कोणीतरी गाडी थांबवून विचारलं, "ताई, लागलं का काही?" मी नाही म्हणाले आणि पुन्हा मागे चालू लागले.

खालची पट्टी झाली. मधली झाली. वरच्या पट्टीपर्यंत पाणी डोक्यावरून न्यावं लागतं, आणि तोवर अंधारलं. माती कोरडी झाली होती आणि औषध मुरायला ओल लागते, म्हणून बोअरला होतं तेवढ्या पाण्यावर दोन्ही पट्ट्यांवर मी दुसऱ्या दिवशी हलके तुषार लावले. त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची होती, एवढं एक नशीब. वरच्या पट्टीला सकाळी फवारणार होते, पण सकाळपासून वारं सुटलं. नोझलमधून निघालेलं औषध खाली न पडता काकांच्या बांधावर जाऊ लागलं. संध्याकाळी वारं पडेल म्हणून थांबले. पडलं नाही. त्याच्या दुसऱ्या सकाळी गेले तर वरच्या पट्टीत जमिनीला भेगा पडून हरभऱ्याचे पिवळट कोंब डोकावत होते. ती पट्टी थोडी उथळ पेरली गेली होती. आता औषध मारणं म्हणजे कोंबावर मारणं.

मी पंप खांद्यावरून उतरवला आणि त्याच्यावरच बसले. रडले असं म्हणता येणार नाही. तोंड उघडं ठेवून बसले होते बराच वेळ.

पुढचा महिना त्या पट्टीनं खाल्ला. खालच्या दोन पट्ट्यांतही तण आलंच. उशिरा मारलेलं औषध पुरतं लागू पडत नाही. पण तिथं हरभरा वर आणि तण खाली होतं. वरच्या पट्टीत उलटं. काकांच्या बांधावरचं गाजरगवत वर्षानुवर्षं तिथंच बी सांडत आलेलं, आणि वखरानं मेलं त्याच्या खालचं सगळं आता उठलं होतं. मी बायांच्या मुकादम मावशींना फोन लावला.

"किती बाया पाहिजेत?"

"असतील तेवढ्या."

"असतील तर ना. समद्या सोयाबीनच्या राशीवर हायत."

"त्यानंतर?"

"त्यानंतर दिवाळी."

"दिवाळीनंतर?"

"दिवाळीनंतर माहेरी. आवो ताई, येवढं काय? तण काय पळून चाललंय व्हय?"

दिवाळी होऊन गेली तेव्हा त्या आल्या. दोन दिवस. हसत, गाणी म्हणत, माझी थट्टा करत. "ताई, तुमी इंग्लिशमदी खुरपा की." खालची आणि मधली पट्टी त्यांनी अशी स्वच्छ केली की मला तिथून निघवेना. तिसऱ्या दिवशी वरच्या पट्टीच्या कडेला येऊन मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"ह्यात काय खुरपायचं? ह्यात हरभरा हुडकायचा."

"जेवढं होईल तेवढं करा ना."

"ह्याला तीस बाया लागतील. आन् उद्यापासून आमचं दुसरीकडं उक्तं ठरलंय." मग माझ्याकडे बघून जरा हळू म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका. येका पट्टीनं काय हुतंय?"

मी त्यांना काय सांगणार की त्या एका पट्टीवरच सगळं होतं.

मग मी एकटीच खुरपायला लागले. रोज एक दोन सऱ्या. हरभऱ्याच्या पानावर आंब असते, खारट आंबट, सकाळच्या दवात जास्त. ती बोटांच्या चिरांत गेली की हात भाजल्यासारखे होतात. मी दस्ताने घातले तर खुरपं धरता येईना, काढले तर आग सोसवेना. मी पुढे सरकायची आणि मागच्या सरीत हरणखुरीचा वेल पुन्हा हरभऱ्याला विळखा घालायचा. घरी आल्यावर मम्मी मला जवळ बसवायची. माझे हात मांडीवर घेऊन खोबरेल चोळायची. एकदा चोळता चोळता म्हणाली, "मी काय वाईट चिंतलं होतं का?"

"नाही."

"मग असं बघत नको जाऊस माझ्याकडं."

मी तिच्याकडे कसं बघत होते ते मला माहीत नव्हतं. त्यानंतर मी हातांकडेच बघत राहिले.

येळवस आठवड्यावर आली. हरभरा फुलला, खालच्या पट्ट्यांत घाटे धरले. वरच्या पट्टीत दुधीला तिकोनी बोंडं लागली होती, अजून हिरवी, आणि गाजरगवतात पहिली पांढरी टिकली दिसली. ती बोंडं वाळली की उन्हात तडकतात, बी लांब उडतं. थोड्याच दिवसांत उडणार होतं, दोन्ही स्वच्छ पट्ट्यांवर, उताराच्या दिशेनं.

मी फोनवर व्हिडिओ काढला आणि घरी आप्पांना दाखवला. ती पट्टी मोडून रोटाव्हेटर फिरवावा असं मला वाटतं, म्हणाले. आप्पांनी व्हिडिओ दोनदा बघितला.

"मोडली तर येळवशीला लोकांना उघडी पट्टी दिसेल."

"हो."

"ठेवली तर हिरवी दिसेल."

"हो."

"रस्त्यावरून तर हरभराच वाटेल."

"हो."

"मग?"

"बी पडेल, आप्पा."

आप्पा मोजण्यातले माणूस. "किती पडेल?"

"मोजता नाही येणार."

त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. "तुझं तू बघ." आमच्या घरात याचा अर्थ हो नसतो आणि नाहीही नसतो. जे होईल त्याला तू एकटी, एवढाच असतो.

ट्रॅक्टरवाला आला, पट्टी बघितली आणि इंजिन चालू ठेवूनच खाली उतरला. "ताई, नक्की ना? ह्यात हरभरा हाय की. फुलात हाय."

"नक्की."

"मास्तरांना इचारलंय ना?"

"चालवा."

तो वर चढला. जांभळी फुलं, दुधी, गाजरगवत, मी हातानं स्वच्छ केलेल्या सऱ्या, सगळं एकाच फेरीत खाली गेलं. मी मुद्दाम तोंड फिरवलं नाही. काका त्यांच्या रानातून बघत होते. त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढला, झटकला आणि पुन्हा बांधला.

येळवशीला कडब्याची खोप उभी राहिली. पांडव म्हणून मांडलेल्या पाच दगडांना चुना लागला. भज्जी, उंडे, आंबील, खीर. नांदेडहून मामा-मामी आले होते, त्यांच्याकडे हा सण नसतो म्हणून त्यांना सगळ्याचं अप्रूप. मामीनं वरच्या उघड्या पट्टीकडे बघून विचारलं, "इथं काही पेरलं नाही का?" मी वाढता वाढता म्हणाले, "मोडलं." आप्पांचे एक जुने सहकारी लगेच म्हणाले, "उभा हरभरा मोडला? कामून?" आणि पंगतीतल्या बऱ्याच माना माझ्याकडे वळल्या. माझ्या हातात आंबिलीचा तांब्या होता. मला सांगता आलं असतं. मनातल्या मनात मी पूर्ण उत्तर म्हटलंही. पण तोंडातून एवढंच निघालं, "तण फार होतं."

"म्हंजे मास्तर, तिसरा हिस्सा गेला," कोणीतरी हिशेब केला. आप्पांनी मान हलवली.

जेवणं झाल्यावर काका रानभर फिरून आले. खालची पट्टी, मधली पट्टी. घाटे फोडून बघितले. मग खोपीशी आप्पांजवळ बसले. मम्मी त्यांना पान देत होती.

"दादा, खरं बोलू? पोरीनं ह्या दोन पट्ट्या लई झ्याक ठेवल्यात. आपल्या बापाच्या हातानं बी इतक्या स्वच्छ नव्हत्या कधी."

मी भांडी गोळा करत होते.

"ह्या दोन मी करतो पाडव्यापासून. निम्मी बटई, ठरल्याप्रमाणं. वरली मात्र नको बाबा. तिच्यात काय राम न्हाई. ती तुमची तुमी ठेवा."

स्वच्छ केलं होतं म्हणून ते रान मागत होते. मी आप्पांकडे बघितलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, स्वच्छ होतं तर आमच्याकडं राहील असं ठरलं होतं. पण ठरलं होतं रान, दोन पट्ट्या नव्हे, आणि त्यांच्या गणितात दोन तृतीयांश म्हणजे पूर्ण नाही. मग मी मम्मीकडे बघितलं. तिचं पान लावायचं थांबलं होतं.

"बरं," आप्पा म्हणाले. "हा हरभरा ती काढंल. पाडव्यापासून तू."

काकांनी पान तोंडात टाकलं. विषय संपला. माणसं आंबील घेऊन रानाच्या कडेनं शिंपडत निघाली, येळवशीची ठरलेली, अर्धवट कानडी आरोळी देत. मी त्यांच्यामागे न जाता वरच्या पट्टीत गेले. रोटाव्हेटरनं माती भुसभुशीत झाली होती. चुरलेल्या दुधीचा वास अजून होता. वाकून बघितलं. बोंडं हिरवीच मलूल झाली होती, न तडकता. हाताच्या दोन बोटांत चुरडली, आत बी कच्चं, पाण्यासारखं.

मागून आप्पा आले होते. उन्हात यायला त्यांना परवानगी नव्हती. डोक्यावर मम्मीचा टॉवेल होता, म्हणजे तिनंच पाठवलं होतं.

"ह्या पट्टीचं काय करणार आता?"

"काही नाही," मी म्हणाले. "पाऊस पडला की उगवू देणार. आणि मारणार."

"आणि मग?"

"परत उगवू देणार."

"पेरणार कधी?"

मला माहीत नव्हतं. तसं मी त्यांना सांगितलं. ते माझ्याशेजारी ढेकळावर बसले, चप्पल काढून त्यातली माती झटकली, आणि दोघं मिळून ती दोन पट्ट्यांची हिरवी जागा बघत राहिलो, जिथं काका आत्ताच पावलं टाकून पाइपलाइन कुठून न्यायची ते कोणाला तरी दाखवत होते.